अठरा दिवस आधी

कफ्र तर्फा
१७ सप्टेंबर १९८४

अवातिफताई,

सलाम. हे पत्र एकटी असताना वाच, आणि वाचून झालं की ओरडू नकोस, नाहीतर सगळा जिना गोळा होईल.

ताई, मला वाटतं झालं. सहा वर्षांनी झालं!

शहात परवा, पंधरा तारखेला, सौदीला, तबूकच्या कामावर परत गेला. ईदचे बारा दिवस कसे गेले कळलंच नाही. तो निघायच्या आदल्या दिवशी मी मुलुखियाच्या पालेभाजीला लसूण-धण्याची फोडणी दिली, आणि त्या वासानं पोटात असं ढवळून आलं की हातातला झारा टाकून परसात पळाले. तेव्हापासून छाती दुखतेय, कूस बदलली तरी दुखते. पीठ मळता मळता डोळे मिटतात. तू लिहून दिलेला कागद मी उशीच्या खोळीत ठेवलाय. अकरा तारखेच्या आसपास बीज सुटेल असं त्यावर आहे. म्हणजे हे तिसऱ्याच दिवशी सुरू झालं! इतक्या लवकर कुणाला झालंय का गं? माझं मूल घाईचं दिसतंय.

सासूबाईंपासून लपवता आलं नाही. त्यांनी मला ओकताना पाहिलं आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. 'खरं?' मी मान हलवली. ताई, या बाईनं सहा वर्षांत माझ्याशी धड बोलून दाखवलं नव्हतं. तिनं माझ्या कपाळाचा मुका घेतला. लगेच बदक कापलं. संध्याकाळपर्यंत शेजारची बसीमा आणि तिच्यामुळे सगळी गल्ली दारात येऊन गेली.

तू मला डॉक्टरांकडे नेलंस ते मात्र कुणालाही सांगितलेलं नाही. सासूबाईंना अजून वाटतं, तुझं ऑपरेशन झालं म्हणून मी आले होते; विचारतात, 'बहिणीचे टाके सुकले का?' मी सांगते, सुकले. तेव्हा कधी भेटल्याच तर जरा पोट धरून चाल.

तुझी,
नगात

•

अलेक्झांड्रिया
२४ सप्टेंबर १९८४

नगात, माझ्या लेकरा,

ओरडले नाही. डोकं धरून बसले.

अठरा वर्षं सरकारी दवाखान्यात बायकांची बाळंतपणं करतेय, म्हणून कान देऊन ऐक. बीज अकराला सुटलं असं धरू. ते नळीतून सरकत येणार आणि गर्भाशयात रुजणार, त्याला सहा दिवस लागतात, कधी दहासुद्धा. ते रुजेपर्यंत तुझ्या शरीराला काही पत्ताच नसतो. मग तिसऱ्या दिवशीची मळमळ कुठून आली? छाती दुखणं, पेंग येणं, पोट फुगणं हे सगळं बीज सुटलं की दर महिन्याला होतं. अंगात एक रस वाढतो, त्यानं होतं. मूल राहो न राहो, त्या रसाला त्याचं काही नसतं. एरवी तू लक्ष देत नव्हतीस, या खेपेला डोळ्यांत तेल घालून बसली आहेस. खरी मळमळ येते ती पाळी चुकल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांनी. तुला झालं ते ईदला खाल्लेल्या एखाद्या खारवलेल्या माशानं झालं असेल, नाहीतर आशेनं. आशेलाही उलट्या होतात, मी रोज बघते.

मूल राहिलं नाही असं मी म्हणत नाही. अजून कुणालाच कळण्यासारखं नाही, एवढंच म्हणते. तुझी मागची पाळी माझ्याच घरी आली होती, अठ्ठावीस ऑगस्टला, मीच तुला बडीशेपेचा काढा करून दिला होता. म्हणजे पुढची उद्या. आली तर माझ्या नावानं रडून घे. नाही आली तर आठवडाभर तोंड शिवून बस आणि मग दिकिर्निसच्या दवाखान्यात लघवी तपासून घे.

आणि सासूला आत्ताच्या आत्ता सांग की ते माशानं बाधलं होतं. बदक गेलं तर गेलं.

अवातिफ

•

कफ्र तर्फा
१४ ऑक्टोबर १९८४

ताई,

पाळी आली नाही. आठ तारखेला तपासणी केली. आहे. आता येते ती मळमळ खरी आहे, आता मला फरक कळतो. पाणीसुद्धा राहत नाही. आणि मी हे बाबांच्या घरून लिहितेय.

तुझं पत्र येईपर्यंत उशीर झाला होता. तरी मी सासूबाईंना सांगायला गेले. म्हटलं, 'आई, ती पहिली मळमळ खरी नव्हती. ताई म्हणते इतक्या लवकर येत नाही.'

त्या सोलत होत्या ते वांगं खाली ठेवून म्हणाल्या, 'हो ना? इतक्या लवकर येत नाही. मीही तेच म्हणतेय. सात बाळंतपणं काढली मी. पाळी चुकायच्या आधी एकदाही मळमळलं नाही. आणि तुला नवरा घरात असतानाच ओकाऱ्या. मग हे कधीचं?'

'नाही हो आई, ती खोटी होती.'

'खोटी? परसात जाऊन ओकलीस ती मी पाहिलीय. खोटं पाहून बदक कापलं होय मी?'

ताई, माझंच बोलणं माझ्या गळ्यात आलं. तिसऱ्या दिवशी म्हणून मी नाचले, तो तिसरा दिवस आता त्या बोटांवर मोजतात. मग बसीमाचा पुतण्या आला, तो तिकडे तुमच्या गल्लीत गॅसच्या टाक्या पोचवतो. तो म्हणाला, 'अवातिफबाईंचं ऑपरेशन? ऑगस्टात त्यांनी टाकी माझ्याकडून हिसकावून घेतली आणि स्वतः तीन मजले वर नेली.' सगळ्यांसमोर म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, तुझं कौतुक करतोय.

सासूबाईंनी विचारलं, 'ऑपरेशन नव्हतं, मग दहा दिवस तिथे काय करत होतीस?' मला बोलायला हवं होतं. पण शहातनं मागेच बजावलं होतं, डॉक्टरांसमोर माझी बायको आडवी पडणार नाही, अल्ला देईल तेव्हा देईल. मला वाटलं, डॉक्टरांचं नाव काढलं तर तो कायमचा तुटेल. मी गप्प राहिले. गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी लावायचा तो लावला. ट्रंक बाहेर आली.

त्यांनी गावच्या मास्तरांकडून शहातला पत्र लिहवून घेतलंय. म्हणजे मास्तरांनाही माहीत झालं.

बाबांनी खाट भिंतीकडे सरकवून मला जागा करून दिली.

नगात

•

अलेक्झांड्रिया
२२ ऑक्टोबर १९८४

शहात, भावा,

तुझ्या आईचं पत्र मिळालं असेल. आता माझं वाच. मी तुझ्या लग्नात बायकोच्या बाजूनं नाचले होते, आज तिच्याच बाजूनं लिहितेय, पण जे लिहितेय ते खरं आहे.

ऑगस्टात माझं कसलंही ऑपरेशन झालं नाही. नगातला मी आमच्या डॉक्टरांकडे तपासायला नेलं होतं. तुझ्यापासून लपवलं ही चूक माझी, तिची नव्हे. अठ्ठावीस ऑगस्टला माझ्या घरी तिला पाळी आली. पाळी आलेल्या बाईच्या पोटात त्याआधीचं मूल नसतं. एकतीसला मी तिला बसमध्ये बसवलं, तीनला तू घरी आलास. मूल तुझं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल.

तुझी आई ज्या मळमळीवरून बोटं मोडतेय, ती मळमळ मुलाची नव्हती. सहा वर्षं वाट पाहिलेल्या बाईला तिसऱ्या दिवशीच डोहाळे लागतात. मी शंभर बायका दाखवीन तुला.

डॉक्टरांनी तिच्यात काही दोष नाही असं सांगितलं. तुलाही एकदा तपासून घे असं म्हणाले होते, आता त्याची गरज उरली नाही. अल्लाचे आभार मान आणि तुझ्या आईला दोन ओळी लिही.

अवातिफ

•

तबूक
२० नोव्हेंबर १९८४

आदरणीय अवातिफबाई,

तुमचं पत्र पोचलं. आईचंही पोचलं. दोन्ही मी इथल्या खोलीत, सात माणसांच्या मध्ये बसून वाचली, म्हणजे चेहऱ्यावर काही येऊ न देता वाचली.

तुम्ही म्हणता पाळी आली. तुम्ही तिच्या बहीण आहात. तुमच्या जागी माझी बहीण असती तर तिनंही हेच लिहिलं असतं.

तुम्ही म्हणता तिच्यात दोष नाही. बरं. मग सहा वर्षं दोष कुणात होता? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाचता येतं. आणि माझ्यातच दोष असेल, तर या वर्षी बारा दिवसांत तो कसा गेला, हेही मग तुम्हीच सांगा.

मी नगातला काही बोललेलो नाही आणि तलाकचा शब्द तोंडातून काढलेला नाही. तिला पैसे पाठवत राहीन. आई म्हणते, मूल तिकडचं असेल तर मेच्या मध्याला येईल. तुम्ही म्हणता जून. ठीक. मूल येईल त्या दिवशी कळेल. त्यात कुणावर अन्याय नाही.

शहात

•

कफ्र तर्फा
५ जानेवारी १९८५

ताई,

शहातचं पत्र तू मला पाठवलंस. न पाठवतीस तर बरं झालं असतं, आणि न पाठवतीस तर मी तुला कधी माफ केलं नसतं. दोन्ही खरं.

तू त्याला सगळं लिहिलंस, पण मला विचारून लिहायला हवं होतंस. ती तपासणीची ओळ! ताई, तू रोज बायकांशी बोलतेस, पुरुषांशी कसं बोलावं हे तुला कळत नाही. मूल तुझं आहे हे पटवायला निघालीस आणि मूल होण्याजोगा तू आहेस का, हे त्याच्या डोक्यात भरवून आलीस.

रागावू नकोस. मला रागवायला दुसरं कुणी नाही.

बाळ आता हलतं. पहिल्यांदा हललं तेव्हा मी नळावर होते, रांगेत. बसीमा माझ्या पुढे होती. तिनं मागे वळून माझ्या पोटाकडे पाहिलं आणि बाजूच्या बाईला म्हणाली, 'चौथा म्हणतात हिचा. मला तर पाचवा संपलेला दिसतोय.' मी हंडा तसाच ठेवून आले. आता पाणी बाबा भरतात. सत्तरीचा माणूस बायकांच्या रांगेत उभा राहतो.

एक विचारू? मूल लवकर येऊ शकतं का? खरं सांग. आपल्या आईला तू आठव्या महिन्यात झालीस असं ती सांगायची. मी जिना चढत नाही, कुशीवर झोपते, धुणं उभ्यानं धुते. रोज त्याला सांगते, थांब, जून येऊ दे. ज्या मुलासाठी सहा वर्षं नवस बोलले त्यालाच आता म्हणते, येऊ नकोस.

मला तिकडे ने.

नगात

•

अलेक्झांड्रिया
१६ जानेवारी १९८५

नगात,

पुढच्या शुक्रवारी मी येतेय. ट्रंक बांधून ठेव. बाबांना सांग, त्यांनी बायकांच्या रांगेत बरंच पाणी भरलं, आता पुरे.

ओळ माझी चुकली. अठरा वर्षांत मी पुष्कळ नवऱ्यांना 'मुलगा झाला', 'मुलगी झाली' एवढंच सांगितलंय. त्यापलीकडे त्यांच्याशी बोलायची वेळ आली नाही.

विचारलंस त्याचं उत्तर देते. हो, येऊ शकतं. तीन आठवडे आधी आलेली मुलं मी दर महिन्याला हातात घेते, ठणठणीत असतात. मूल कुणाचं न ऐकता येतं. पण तू त्याला थांब म्हणायचं थांबव. जन्माआधीच त्याच्या मागे पोलीस लावू नकोस.

अवातिफ

•

अलेक्झांड्रिया
२१ मे १९८५

शहात,

तुला मुलगी झाली. सतरा मे, शुक्रवारी, दुपारच्या नमाजाच्या वेळी. सव्वादोन किलो. रडली मात्र चार किलोच्या मुलासारखी.

माझ्या हिशेबानं चार जूनला यायची, ती अठरा दिवस आधी आली. तुझ्या आईनं सांगितलेल्या मध्यालाच आली. हे मी पहिल्यांदा लिहितेय, म्हणजे तू बाकीचं वाचताना तेच शोधत बसणार नाहीस.

आता एक कबुली देते. बाळंतपण घरी झालं, मीच केलं, आम्ही दोघी आणि बाळ, याशिवाय कुणी नव्हतं. जन्माची नोंद करायला पंधरा दिवसांची मुदत असते. कागद मीच भरते, सही माझीच असते. नगात झोपलीय असं मला वाटलं. मी कागदावर 'एक जून' लिहायला घेतलं. माझ्या आयुष्यात मी एकाही कागदावर खोटं लिहिलेलं नाही. पण मला वाटलं, खरं लिहून एकदा पाहिलं, त्याचं काय झालं ते दिसलं. बाळ लहानखुरं आहे, दोन आठवडे कुणाला दाखवायचं नाही, मग जूनचं म्हणून सांगायचं. तू खूश, तुझी आई खूश, नगात सुटली.

नगात जागी होती. तिनं विचारलं, 'काय लिहितेस?' मी सांगितलं. ती उठून बसली, टाके असताना उठून बसली, आणि कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला.

'सतरा मे लिही.'

'अगं वेडे, तुला कळतंय का...'

'मला कळतंय. एक जून लिहिलंस तर मी आयुष्यभर खोटी ठरते, फक्त तुलाच माहीत असलेली खोटी. दर वाढदिवसाला खोटी. मी काही केलेलं नाही, ताई. मला लपवायला काही नाही. सतरा मे लिही.'

मी म्हटलं, 'आणि तो आला नाही तर?'

ती म्हणाली, 'तर त्याला मुलगी नाही. मला आहे.'

सतरा मे लिहिलंय. बापाचं नाव तुझं लिहिलंय. जन्मली तेव्हा तिच्या खांद्यांवर आणि पाठीवर मऊ लव होती, अंगाला पांढरी साय चिकटलेली होती. दिवस भरून गेलेल्या मुलांना हे इतकं नसतं, लवकर आलेल्यांना असतं. सुईण म्हणून एवढंच सांगते. ज्याला विश्वास ठेवायचा नाही त्याला हेही बहिणीचंच बोलणं वाटेल, मला माहीत आहे.

सोबत नोंदीची नक्कल आहे. नाव नगातनं ठेवलंय: हिकमत. आमच्या आईचं.

अवातिफ

•

तबूक
९ जून १९८५

नगात,

हे पत्र तुला लिहितोय, ताईंना नाही. नऊ महिन्यांत तुला एकही लिहिलं नाही. पैसे पाठवले आणि समजलो, झालं.

ऑक्टोबरपासून मी खाटेशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारत होतो. एक दिवस, एक रेघ. मेच्या पंधरा तारखेला एक खूण, जूनच्या पहिल्या आठवड्याला एक खूण. खोलीतले विचारायचे, सुट्टीचे दिवस मोजतोस का? मी हो म्हणायचो.

ताईंचं पत्र उघडलं आणि आधी तारीख पाहिली. मुलगी की मुलगा हे पाहिलं नाही. जिवंत आहे का हे पाहिलं नाही. तू जिवंत आहेस का, हेही पाहिलं नाही. तारीख पाहिली. मग बराच वेळ पुढचं वाचलं नाही.

आमच्या खोलीत सोहाग जिल्ह्यातले एक म्हातारे गवंडी आहेत, मतावेकाका, सगळे त्यांना अम्म मतावे म्हणतात. त्यांना मी पत्र वाचायला दिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, 'खोटं लिहायचा कागद समोर होता?'

'होता.'

'लिहिणारी आपली होती?'

'होती.'

'तरी लिहू दिलं नाही?'

'नाही.'

ते म्हणाले, 'मग तू भिंतीवर काय बघतोस, गाढवा?'

मला आणखी काही लिहिता येत नाही. ठेकेदाराकडून हिशेब मिटवून घेतोय. ईदनंतर येईन. मला दारात उभं करायचं की नाही ते तू ठरव.

शहात

•

मन्सूरा
२० सप्टेंबर १९८५

ताई,

तू विचारतेस सगळं ठीक आहे ना. बरंचसं ठीक आहे.

दोन खोल्या आहेत, वर गच्ची. शहातला इथे एका इमारतीत फरशीचं काम मिळालंय. पगार तिकडच्या चौथाईसुद्धा नाही. मी त्याला तुझ्या दारातच सांगितलं होतं, तू ऐकलंस: तुझ्या आईच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. तो म्हणाला, 'ठीक.' मला वाटलं होतं भांडेल. तयारी करून ठेवली होती, सगळी वाया गेली.

मागच्या आठवड्यात सासूबाई आल्या. दोन बस बदलून, डोक्यावर टोपली, टोपलीत चीज आणि अंडी. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर बसल्या. मी हिकमतला पाजत होते. त्या बघत बसल्या आणि म्हणाल्या, 'सातातली चार पुरली मी. दिवस मोजायची सवय लागते.' माफी मागितली नाही. मीही दिली नाही. पण उन्हात बसल्या होत्या, म्हणून आत या म्हटलं. हिकमतनं त्यांचं बोट धरलं आणि सोडेना. तेव्हा त्या रडल्या. मी चहा करायला गेले, मला बघवेना.

शहात मुलीवर जीव टाकतो. कामावरून आला की हात सुकेपर्यंतही थांबत नाही, चुन्याच्या हातांनीच उचलतो. मी ओरडते. तो हसतो.

पण ताई, तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. कधीकधी ती झोपलेली असते आणि तो तिच्याकडे पाहत असतो. जरा जास्त वेळ. कान बघतो, भुवया बघतो. मी खोलीत आले की नजर काढून घेतो. त्याला स्वतःला कळतं की नाही, ठाऊक नाही. काल मला वाटलं, विचारावं, काय शोधतोस? मग वाटलं, विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि खरंच नाही म्हणत असेल.

त्याला विश्वास ठेवायला मी सांगू शकते. विश्वास पुरे झाला का, हे सारखं तपासत बसणं मात्र मला सोडावं लागेल. नाहीतर आमच्या घरात दोघं मोजत बसतील आणि मुलगी मध्ये वाढेल.

आज तो पाहत होता तेव्हा जवळ जाऊन बसले आणि मीही पाहिलं. तो म्हणाला, 'हिचा वरचा ओठ तुझ्या बाबांसारखा आहे गं.'

खरंच आहे. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तुझी,
नगात